दोन तारखांच्या मधले घर

मी परवानाधारक अभियंता आहे आणि सोलापूरच्या हद्दवाढ भागातील गुंठेवारीच्या, म्हणजे शेताचे तुकडे परवानगीशिवाय विकून झालेल्या वस्त्या नियमित करण्याच्या, फायली तयार करणे हे माझे रोजचे काम आहे. 1992 मध्ये आसपासची गावे महापालिकेत आली, तरी शेत गुंठ्या-गुंठ्याने विकण्याचा व्यवहार थांबला नाही. विडी वळणाऱ्या आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसाला परवडणारी जागा तिथेच मिळत होती.

महापालिकेच्या 15 जानेवारी 2026 च्या मतदानाला आठवडाभर उरला होता. मार्च 2022 पासून सभागृह नसल्याने सगळा कारभार प्रशासकाकडे होता आणि साचलेले प्रश्न लोक उमेदवारांपुढे मांडत होते. एका उमेदवाराने मला संध्याकाळच्या कोपरा सभेत गुंठेवारी समजावून सांगायला बोलावले. त्याच्या पत्रकावर लिहिले होते, ‘पहिल्या सभेतच सर्व घरे नियमित.’

मी बोलायला उभा राहण्याआधीच पन्नाशीच्या एक अक्का पुढे आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला नोटरीचा कागद होता. फेब्रुवारी 2021 मधला, एका गुंठ्याचा, म्हणजे 1089 चौरस फुटांचा. त्या शेताचे तुकडेच त्या वर्षी पाडलेले होते. “साहेब, आमचं घर ह्यात बसतंय न्हवं?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

ते घर बसत नव्हते. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात कोणत्या तारखेपर्यंतचे तुकडे नियमित होतात, ती मर्यादा 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली, आणि हे तुकडे त्यानंतर दोन महिन्यांच्या आत पडले होते. पत्रक लिहिणाऱ्याचा गोंधळ कुठे झाला, हेही माझ्या लक्षात आले. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्याने तुकडेबंदी कायद्यात, म्हणजे जमिनीचे ठरावीक आकारापेक्षा लहान तुकडे करून विकण्यास मनाई करणाऱ्या कायद्यात, बदल करून 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतच्या व्यवहारांना मोकळीक दिली होती, आणि ती तारीख त्याने घरांना लावली होती. परंतु तुकडेबंदीची सवलत जमिनीच्या व्यवहाराला आहे. ती घेण्यासाठीदेखील नोटरीच्या कागदावर न थांबता मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागतो, आणि नाव उताऱ्यावर चढले म्हणून त्यावरचे बांधकाम नियमित होत नाही. शिवाय दोन्ही तारखा राज्याच्या कायद्यातल्या आहेत, त्या बदलणे महापालिकेच्या सभेच्या हाती नाही.

हे सगळे मी अक्कांना सावकाश सांगितले, माईकवरूनच सांगितले. कार्यकर्ते नाराज झाले, उमेदवाराने मान खाली घातली. त्या दिवशी मला वाईट वाटले ते अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहून; तरीही मतदानानंतर कचेरीच्या खिडकीवर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

अक्का मात्र बसल्या नाहीत. “मग नगरसेवकाच्या हातात काय हाय?” असे त्यांनी विचारले, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा खरा प्रश्न हाच होता. मी सांगितले की पाण्याची लाईन, गटार, रस्ता यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद करणे त्यांच्या हातात आहे. शहराची विकास योजनाही महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 नुसार महापालिकाच तयार करते, प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी ठरावीक मुदत असते, आणि त्या मुदतीत वस्तीच्या बाजूने लेखी हरकत तयार करवून घेणारा नगरसेवक लाख मोलाचा असतो. रस्ता कुठून जाणार, शाळेची जागा कुठे राहणार, हे त्याच नकाशात ठरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गल्लीत गेलो. नोंदणीसाठी कोणते कागद लागतील ते लिहून दिले आणि विकणाऱ्याने रस्ता म्हणून सोडलेली जागा टेपने मोजली. ती नऊ फूट भरली. अग्निशमनाची गाडी तिथे वळणार नाही. अक्कांनी तो आकडा माझ्याकडून कागदावर लिहून घेतला आणि विड्यांच्या सुपाशेजारी ठेवला. “आता परचाराला जो येईल, त्याला हेच इचारते,” त्या म्हणाल्या.