दोन फुटांचे टेबल, पश्चिमेची खिडकी आणि माझा नवा मॉनिटर

आरटीएक्स ४०८० सुपर हे ग्राफिक्स कार्ड घेऊन मला सहा महिने झाले होते, तरी ते जोडलेले होते माझ्या जुन्या २४ इंची, फुल एचडी, ६० हर्ट्झच्या (सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या) मॉनिटरला. कार्ड सेकंदाला दीडशे फ्रेम्स, म्हणजे चित्रे, तयार करीत असे आणि मॉनिटर त्यांतल्या साठच दाखवत असे. एवढे पैसे घालून केलेल्या जुळणीचा अर्ध्याहून अधिक भाग वाया जात होता आणि रोज रात्री खेळायला बसलो की ही गोष्ट मला टोचत असे. साठ हजार रुपयांपर्यंत खर्च करायचा, असे ठरवून मी मॉनिटर शोधायला सुरुवात केली. त्या शोधाला जवळजवळ दोन महिने लागले.

पहिला सल्ला भाच्याकडून आला. तो व्हॅलोरंट हा वेगवान नेमबाजीचा खेळ खेळतो आणि त्याच्या दृष्टीने प्रश्न सरळ, पडदा सेकंदाला किती चित्रे दाखवतो एवढाच होता: "मामा, तू रिफ्रेश रेट बघ. २४० हर्ट्झच्या खाली जाऊच नकोस." त्याच्या खेळासाठी हे अगदी योग्य आहे, म्हणून मी ते गांभीर्याने घेतले आणि कागद घेऊन हिशोब मांडला. ६० हर्ट्झला एक फ्रेम पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहते, १४४ हर्ट्झला ६.९ आणि २४० हर्ट्झला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर जाताना जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, तर तिथून पुढे २४० पर्यंत जाताना तीनसुद्धा वाचत नाहीत. मी प्रामुख्याने सायबरपंक २०७७ आणि एल्डन रिंग यांसारखे एकट्याने, सावकाश खेळायचे खेळ खेळतो. त्यांतला एल्डन रिंग तर ६० फ्रेम्सच्या पुढे जातच नाही आणि सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून उजेड-सावल्या दाखवणे) चालू ठेवले की फोर-के (३८४० बाय २१६० पिक्सेल) वर माझे कार्ड, डीएलएसएसची (कमी पिक्सेलचे चित्र एआयने मोठे करण्याच्या सोयीची) मदत घेऊनही, साधारण साठ ते नव्वदच्या दरम्यान राहते. अशा वेळी २४० हा आकडा माझ्यासाठी खोक्यावरच राहिला असता. फ्रेम्सची संख्या अशी सतत वरखाली होत असताना पडद्याने कार्डाच्या गतीशी जुळवून घेणे, म्हणजेच अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक, मला अधिक मोलाचे वाटले. २०१९ च्या जानेवारीत माझ्या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने आपली कार्डे या खुल्या मानकाच्या मॉनिटरांसाठी मोकळी केल्यापासून त्यासाठी वेगळी किंमतही मोजावी लागत नाही. १४४ ते १६० हर्ट्झ पुरे, हे मी तिथेच नक्की केले.

आकाराच्या बाबतीत माझा हट्ट ३२ इंचांचा होता. मात्र माझे टेबल दोनच फूट खोल आहे आणि मॉनिटरचा पाय त्यातली सात-आठ इंच जागा खातो. ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा घरात पडून होता, त्यातून या मापाचा आयत कापून मी तो जुन्या मॉनिटरवर चिकटवला आणि कोपऱ्यांत खडूने छोटी वर्तुळे काढली, कारण खेळात नकाशा आणि गोळ्यांचा हिशोब बहुधा कोपऱ्यांतच असतो. पडद्याच्या मध्यावर नजर ठेवून ती वर्तुळे पाहायची असल्यास दर वेळी मान हलवावी लागत होती. दुसऱ्या दिवशी तोच पुठ्ठा ६० बाय ३४ सेंटिमीटरचा, म्हणजे २७ इंचांचा, केला आणि चारही वर्तुळे नुसती नजर फिरवून दिसू लागली. मॉनिटर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हा पुठ्ठ्याचा प्रयोग करावा, असे मी मनापासून सांगतो. त्याला काही खर्च येत नाही आणि कोणत्याही परीक्षणात वाचून न कळणारी गोष्ट त्यातून कळते. ३४ इंची अल्ट्रावाइडचा, म्हणजे जास्त लांबट पडद्याचा, विचारही त्या पुठ्ठ्यानेच संपवला. (३२ इंचांवरील मॉनिटरांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे, ज्यांचे टेबल खोल आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

रिझोल्यूशनचा निर्णय त्यामानाने लवकर झाला. फोर-के मध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, त्याखालच्या १४४०पी मध्ये ३७ लाख. कार्डावरचा भार सव्वादोन पट होतो हे खरे, पण दिवसभर याच पडद्यावर मला एक्सेलमधले आकडे वाचायचे असतात आणि २७ इंचांत फोर-के ची अक्षरे छापील पुस्तकासारखी रेखीव दिसतात. खेळ जड वाटला तर डीएलएसएस आहेच.

खरी ओढाताण पॅनेलवरून, म्हणजे पडद्याच्या आतल्या तंत्रावरून, झाली. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात मी तीन शनिवार गेलो. दुकानांतले मॉनिटर ट्यूबलाइटच्या झगझगाटात कंपनीचे भडक व्हिडिओ दाखवत असतात, त्यांवरून काही ठरवता येत नाही, म्हणून मी पेन ड्राइव्हवर तीन चित्रे नेली होती: एक पूर्ण काळे, एक गडद करड्या पट्ट्यांचे आणि एक काळ्या आकाशातल्या चांदण्यांचे. एका दुकानदाराला मी एचडीआरबद्दल, म्हणजे अगदी उजळ आणि अगदी गडद भाग एकाच चित्रात नीट दाखवण्याबद्दल, विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आता सगळे एचडीआरच आहेत." खोक्यावर डिस्प्लेएचडीआर ४०० असे लिहिले होते. ही पडद्यांची मानके ठरवणाऱ्या वेसा संस्थेची २०१७ मध्ये सुरू झालेली श्रेणी आहे आणि तिच्या ४०० या पायरीला पडद्यामागचा प्रकाश ठिकठिकाणी स्वतंत्रपणे मंद करण्याची अट नसते. त्यामुळे चांदण्यांच्या चित्रात आकाश काळे न दिसता धुरकट दिसले. त्याच माणसाने मी विनंती केल्यावर गर्दीच्या वेळी दुकानाच्या मागच्या बाजूचे दिवे पाच मिनिटे बंद केले, याबद्दल मी त्याचा आभारी आहे, कारण त्या पाच मिनिटांत मला साध्या आयपीएस प्रकारच्या पडद्याचा काळा रंग किती करडा असतो ते दिसले, व्हीए या दुसऱ्या प्रकाराचा काळा पुष्कळ गडद असूनही हलत्या सावल्यांमागे ओघळ राहतो तो दिसला, आणि ओलेडही दिसले.

ओलेडसमोर मी थबकलो. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे प्रत्येक चांदणी सुईच्या टोकाएवढी, आणि तिच्या शेजारचे आकाश संपूर्ण काळे. खेळासाठी याहून सुंदर पडदा नाही, असे माझे आजही मत आहे. तरीही मी तो घेतला नाही आणि त्याची कारणे माझ्या खोलीत होती. माझे टेबल पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. दुकानातले दिवे लागताच त्या क्यूडी-ओलेड (ओलेडचाच एक प्रकार) पडद्याचा काळा रंग जांभळट करडा झाला होता आणि दुपारी माझ्याकडे तेच झाले असते. दिवसाचे आठ तास एक्सेलच्या त्याच त्या रेघा आणि खालची तीच पट्टी दिसत राहिल्याने बर्न-इनचा, म्हणजे त्यांचे ठसे पडद्यावर कायमचे राहण्याचा, धोका होता. तिसरे कारण मला कुठल्याही परीक्षणात सापडले नाही. पिक्सेल टिकावेत म्हणून ओलेड मॉनिटर वापर थांबल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, काही मिनिटे स्वतःची देखभाल करतो आणि त्यासाठी त्याला वीज लागते. आमच्याकडे बाबा रात्री झोपण्यापूर्वी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणे बंद करतात. ही चाळीस वर्षांची सवय एका मॉनिटरसाठी मोडायला सांगणे मला पटले नाही.

शेवटी मी २७ इंची, फोर-के, १६० हर्ट्झचा आयपीएस मिनी-एलईडी घेतला. त्यात पडद्यामागे ११५२ विभाग स्वतंत्रपणे मंद होतात. हा आकडा मोठा वाटला तरी भागाकार केला, तर एका विभागाच्या वाट्याला ७२०० पिक्सेल येतात, त्यामुळे एकट्या चांदणीभोवती फिकट वलय दिसणार, हे मी समजून उमजून स्वीकारले.

ऑनलाइन मागवलेला पहिला मॉनिटर सदोष निघाला. पूर्ण काळ्या चित्रावर उजवीकडे एक हिरवा ठिपका जळत होता. बाबांचे वाचनाचे भिंग लावून पाहिले तेव्हा एकाच पिक्सेलचा हिरवा उपभाग कायम पेटलेला असल्याचे दिसले. उत्पादक कंपनीच्या सेवा केंद्राने एक उजळ ठिपका त्यांच्या नियमांत बसतो, असे कळवले. साठ हजारांच्या वस्तूबाबत हे उत्तर ऐकून मला फार वाईट वाटले. सुदैवाने विक्रेत्याची सात दिवसांची बदलीची मुदत उरली होती आणि खोके उघडतानाचा व्हिडिओ मी काढून ठेवला होता, त्यामुळे पाचव्या दिवशी दुसरा मॉनिटर आला. तो मी काळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या आणि निळ्या पडद्यावर इंच न् इंच तपासला.

यानंतरही दोन अडचणी आल्या. विंडोजने नव्या मॉनिटरला ६० हर्ट्झवरच ठेवले होते. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन ते हाताने १६० करावे लागले. मग खेळताना मधूनच पडदा दोन सेकंद काळा होऊ लागला. फोर-के, १६० हर्ट्झ आणि १० बिट रंग यांना सेकंदाला सुमारे ४० गिगाबिट माहिती लागते, माझ्या कार्डाच्या डिस्प्लेपोर्ट १.४ या जोडणीतून प्रत्यक्षात २६ च्या आसपासच जाते, आणि बाकीचे डीएससी या संपीडनाने निभते. हे सगळे व्यवस्थित चालायला केबल निर्दोष हवी आणि मी वापरत होतो ती पाच मीटरची जुनी. वेसाचे प्रमाणपत्र असलेली दीड मीटरची केबल लावली आणि पडदा पुन्हा काळा झाला नाही.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलना रंग लवकर बदलायला लावणारी सोय, मी मधल्या पायरीवर ठेवले आहे, कारण सर्वांत वरच्या पायरीवर धावणाऱ्या पात्रामागे पांढरट सावली उमटते. लोकल डिमिंग, म्हणजे विभागवार प्रकाश मंद करणे, दिवसा बंद असते, नाही तर एक्सेलच्या गडद पटावर माउसच्या बाणाबरोबर उजेडाचा डाग फिरतो. रात्री खेळताना ते मी 'उच्च' वर नेतो. मात्र संवाद पांढऱ्या अक्षरांत खाली येणारे खेळ असतील तेव्हा 'मध्यम' ठेवतो, आणि मग अक्षरांभोवतीचे वलय शोधल्याशिवाय दिसत नाही. अकराच्या सुमारास बाबा दारात येऊन "झालं का रे तुझं?" असे विचारतात, मी मॉनिटर बंद करतो आणि ते भिंतीवरचे बटण बंद करतात.