आमची वाटचाल : सायलेन्सर दुरुस्तीपासून हेडर आणि ट्यूनिंगपर्यंत

लहान गाड्यांसाठी एक्झॉस्ट हेडर, म्हणजे सिलिंडरमधला जळालेला गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपांचा संच, बनवायचे आणि त्या हेडरला जुळेल असं इंजिन ट्यून करून द्यायचं, हे आमच्या फर्मचं काम. १.० ते १.६ लिटरची पेट्रोल इंजिनं, त्यातही टर्बो नसलेली, हा आमचा मुख्य प्रांत. मोठ्या गाड्या आम्ही घेत नाही. लहान इंजिनात ताकद मुळातच बेताची असते, त्यामुळे पाच-सात न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढला तरी चालवणाऱ्याला लगेच जाणवतो. तो मिळवायला जी कसून मेहनत लागते, तीच आम्हाला मनापासून आवडते.

सुरुवात सायलेन्सर दुरुस्तीने झाली. गंजलेला पाइप कापायचा, नवा तुकडा जोडायचा, तुटलेला हँगर बसवायचा. मी वेल्डिंग करायचो, धाकटा भाऊ गाडीखाली झोपून काढ-घाल करायचा. त्या काळात तऱ्हेतऱ्हेचे मॅनिफोल्ड, म्हणजे हेडरच्या जागी कंपनीने बसवलेले भाग, हाताखालून गेले आणि ते बघता बघता डोळा तयार झाला. कंपनीचा कास्ट आयर्नचा मॅनिफोल्ड स्वस्त पडावा, कमी जागेत मावावा आणि गाडीच्या आयुष्यभर टिकावा अशा हिशोबाने घडवलेला असतो. हे तिन्ही तो चोख करतो. पण बऱ्याच जुन्या डिझाइनमध्ये चारही सिलिंडरचा गॅस एकाच आखूड नळकांड्यात येऊन आदळतो. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आत पुढच्याचा उघडलेला असतो, आणि त्याचा दाब पहिल्याच्या तोंडाशी येऊन अडतो. जळालेला गॅस थोडा आतच राहतो. त्याने जेवढी जागा अडवली, तेवढं ताजं मिश्रण कमी.

आमचा हेडरचा प्रवास इथून सुरू झाला. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असतो. क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) दर १८० अंशांनी एक ठोका. १ आणि ४ यांची जोडी लावली, २ आणि ३ यांची दुसरी, की प्रत्येक जोडीतल्या दोन ठोक्यांत ३६० अंशांचं अंतर पडतं आणि कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. चार पाइपांचे दोन, दोनाचा एक. याला सगळे फोर-टू-वन म्हणतात. चारही पाइप एकदम एकाच कलेक्टरमध्ये, म्हणजे ते एकत्र येतात त्या जाड नळीत, आणले तर ते फोर-वन. फोर-वन वरच्या आरपीएमला जास्त ताकद देतं, रेसिंगला ते ठीक. पण रोजच्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळ दोन ते साडेचार हजारांत फिरतं, आणि तिथे फोर-टू-वनचा टॉर्क भरीव असतो. आमचा कल पहिल्यापासून तिकडेच राहिला. कागदावर शिखराचा आकडा मोठा दिसावा म्हणून मधला टॉर्क घालवणं आम्हाला कधी पटलं नाही.

पाइपची लांबी हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपमधून सुटते. कलेक्टरशी पाइप एकदम रुंदावतो, तिथून ती उलटी फिरते आणि परत येताना ओढ घेऊन येते. ही ओढ इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना पोचली, तर उरलासुरला गॅस बाहेर खेचला जातो आणि मागोमाग ताजं मिश्रण आत येतं. आता हिशोब बघा. तापलेल्या गॅसमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ५५० मीटर धरला, तर ७०० मिलीमीटर पाइपमधून जाऊन-येऊन लाटेला अडीच मिलिसेकंद लागतात. ३००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक ४५ अंश फिरतो, ६००० ला ९० अंश. लाटेचा वेळ तोच, क्रँकचा बदलतो. म्हणून एक लांबी सगळ्या आरपीएमला लागू पडूच शकत नाही. गाडी कुठे आणि कशी चालते हे विचारल्याशिवाय आम्ही मोजपट्टी हातात घेत नाही, ते याचसाठी.

व्यासाचंही तसंच. जाड पाइप म्हणजे जास्त ताकद, असं मानणारे पुष्कळ भेटतात. १.२ लिटरच्या इंजिनाला गरजेपेक्षा जाड पाइप लावला की गॅसचा वेग पडतो आणि खालचा पिकअप जातो. एकदा एक गाडी आली, नवाकोरा चकचकीत हेडर बसवलेली. मालक म्हणाला, "दादा, आवाज वाढला, पण चढावर पहिल्यापेक्षा आधी गिअर पाडावा लागतो." पाइप मोजले तेव्हा ते जवळजवळ दीडपट मोठ्या इंजिनाच्या मापाचे निघाले. त्या गाडीला आम्ही बारीक पाइपचा हेडर करून दिला.

बनवण्याच्या कामात सगळ्यात जास्त वेळ आम्ही वेल्डिंगवर घालवला आणि अजूनही घालवतो. स्टेनलेस ३०४, दीड मिलीमीटर जाडीचा पाइप, मँड्रेल बेंड (आत आधार घालून वाकवलेला). साध्या दाबून वाकवलेल्या पाइपात वळणावर पोट आत जातं आणि वाट अरुंद होते, मँड्रेलमध्ये गोलाई कायम राहते. टिग वेल्डिंगने जोडताना सांधा हवेपासून वाचवायला बाहेरून आर्गॉन वायू असतोच, पण आतूनही आर्गॉन भरावा लागतो. नाही भरला तर सांध्याच्या आतल्या बाजूला काळी, साखरेच्या दाण्यासारखी खरबरीत पापुद्री येते. बाहेरून टाका इंद्रधनुषी, सुंदर दिसतो आणि आतून तो ठिसूळ असतो. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक तुकड्याची दोन्ही तोंडं टेपने बंद होतात, एका बाजूने गॅसची नळी आणि दुसऱ्या बाजूला बारीक भोक. आतली हवा निघून जाईपर्यंत वेल्डर टॉर्च उचलत नाही. नव्या मुलाला आम्ही सगळ्यात आधी हे थांबणं शिकवतो. जोडून झालेला पहिला तुकडा मधोमध कापून त्याच्याच हातात देतो, म्हणजे आतली बाजू त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

दुसरी बाब फ्लँज, म्हणजे हेडर इंजिनाला जिथे बोल्टने बसतो ती पट्टी. पातळ पत्र्याची फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने केळ्यासारखी वाकते, मग गॅस्केट कितीही चांगला असो, कडेने गळती होणारच. आम्ही १० मिलीमीटरची प्लेट वापरतो, जाड लोखंडी जिगवर (पक्क्या साच्यावर) आवळूनच वेल्ड करतो आणि थंड झाल्यावर तोंड सपाट करून घेतो. गाडीवर बसवताना नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळायचे. गाडी तापून गार झाली की पुन्हा तपासायचे.

तापून पाइप वाढतो, हेही धरून चालावं लागतं. स्टेनलेस ३०४ कास्ट आयर्नपेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं. ७०० मिलीमीटरचा पाइप ६०० अंशांनी तापला तर सात मिलीमीटरच्या आसपास लांब होतो. त्याला सरकायला जागा दिली नाही, तर तो सर्वात कच्च्या सांध्यावर जोर काढतो. म्हणून जोड्या जिथे मिळतात तिथे आम्ही स्लिप जॉइंट (एकात एक सरकणारा सांधा) ठेवतो, आणि खाली फ्लेक्स पाइप, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि मागचा एक्झॉस्ट गाडीच्या तळाला टांगलेला असतो. हेडरला पाठीमागून आधाराची पट्टी देतो, सगळं वजन इंजिनाच्या स्टडवर (बोल्टवर) टाकत नाही. हीट रॅप गुंडाळून द्या असं काही जण सांगतात. उष्णता आत राहते हे खरं, पण धातूचं तापमान वाढतं, खाली ओल धरते, आणि साध्या लोखंडी पाइपला तर ती लवकर खाते. आम्ही सिरॅमिक कोटिंग सुचवतो.

ट्यूनिंगकडे आम्ही वळलो ते हेडरमुळेच. कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या तेव्हा हेडर बसवल्यावर मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलायचा, स्पार्क प्लगचा रंग बघायचा, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडं हलवायचं. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं आणि सगळं ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) नकाशात, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, गेलं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा बॉशचा लॅम्बडा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांत आला, तेव्हापासून मिश्रण मोजून सुधारणारी ही पद्धत जगभर पसरत गेली. साध्या चालीत ईसीयू हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास धरून ठेवतो. पण पूर्ण थ्रॉटलला तो बहुधा नकाशातल्या आकड्यांवर चालतो. हवेचा मास मोजणारा सेन्सर असेल, तर जादा आलेली हवा ईसीयूला कळते. मॅप सेन्सरवर, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, चालणाऱ्या गाडीत मात्र ईसीयू दाब आणि आरपीएम बघून हवेचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज जुन्या मॅनिफोल्डवर बेतलेला असतो. हेडरने इंजिन जास्त हवा घेऊ लागलं की हे गणित मागे पडतं आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. लहान गाड्यांत मॅप सेन्सरच जास्त, म्हणून ट्यूनशिवाय हेडर आम्ही विकत नाही. ग्राहक कितीही म्हणाला, "नुसता पाइप द्या, बाकी मी बघतो," तरी नाही.

डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारं मशीन, घेतला तो आमचा सगळ्यात मोठा खर्च. पण त्याने बोलणंच बदललं. गाडी आली की आधी आहे तशी चालवून ग्राफ काढायचा, वाइडबँड सेन्सर लावून मिश्रण बघायचं, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याचा खटखट आवाज) ऐकायचं. मग हेडर, मग ट्यून, मग पुन्हा ग्राफ. आधीचा आणि नंतरचा ग्राफ त्याच डायनोवर, इंजिन तितकंच तापलेलं असताना, हवामानाची दुरुस्ती लावून काढलेला असेल तरच तुलना खरी. पूर्ण थ्रॉटलला लॅम्बडा ०.८८ च्या आसपास, म्हणजे १४.७ च्या प्रमाणापेक्षा पेट्रोल थोडं जास्त, ठेवतो. टायमिंग पुढे ढकलायची घाई करत नाही. सिलिंडर नीट रिकामा झाला की मिश्रण जास्त वेगाने जळतं, त्यामुळे काही ठिकाणी ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पाडणं) उलट थोडा कमीच लागतो. टर्बो नसलेल्या लहान इंजिनात हेडर आणि ट्यून मिळून वाढ सहसा टक्क्यांच्या एक आकडी घरातली असते. ग्राहकाला आम्ही हे पैसे घेण्याआधी सांगतो. तेवढ्यावरून काही जण परत जातात. जे थांबतात त्यांना आम्ही शिखर दाखवण्याआधी ३००० आरपीएमची रेघ दाखवतो.

एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून द्यायचं काम आम्ही करत नाही. रस्त्यावरच्या गाडीतून तो काढणं अनेक देशांत बेकायदा आहे, आणि धूर सगळ्यांच्याच नाकात जातो. नव्या गाड्यांत कन्व्हर्टर मॅनिफोल्डला लगटून असतो, कारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो काम करत नाही. हेडर लांब केला की तो दूर जातो आणि उशिरा तापतो. अशा गाडीत लांबीचा मोह आवरून आम्ही कन्व्हर्टर शक्य तितका जवळ ठेवतो आणि सेन्सर ज्यात बसतो ती बुशिंग वरच्या बाजूला तिरपी बसवतो, म्हणजे थंडीत साचलेलं पाणी सेन्सरवर येत नाही. सेन्सरच्या आधी गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. त्यामुळे गाडी देण्याआधी धुराच्या मशीनने प्रत्येक सांधा तपासला जातो.

आता तीन सिलिंडरच्या गाड्या वाढल्या आहेत. त्यांचे ठोके २४० अंशांनी पडतात, म्हणून तिन्ही पाइप सरळ एका कलेक्टरमध्ये आणले तरी भांडण होत नाही. हेडर बनवायला हे इंजिन फार समाधान देतं. काही नव्या इंजिनांत मात्र मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. तिथे हेडर लावायला जागाच नाही, आणि आम्ही ते पहिल्याच फोनवर सांगून टाकतो. त्यातल्या टर्बो इंजिनांसाठी डाउनपाइप (टर्बोपासून खाली जाणारा पाइप), कन्व्हर्टरसकट, बनवायचं काम भावाने हाती घेतलंय. पहिला जिग तयार आहे, गाडीवर मापं जुळवणं सुरू आहे.