खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: काच शेवटी, पाणी आधी

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय लावायचं म्हटलं की पहिला हात दिव्याकडे जातो. निळ्या उजेडात मासे झकास दिसतात, हे खरंच. पण नुसते मासे ठेवायचे असतील तर साधा एलईडी पुरतो. महागडा दिवा लागतो तो प्रवाळांना, आणि ते आणायची घाई पहिल्या सहा महिन्यांत करूच नये. दिव्याचे पैसे आरओ-डीआय युनिट (नळाचं पाणी गाळून जवळजवळ शुद्ध करणारं यंत्र), रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) आणि दुसरा हीटर यांत घाला.

छोटी टाकी सोपी, हा गैरसमज. पाणी जितकं कमी तितकी चूक लवकर अंगाशी येते. 90 × 45 × 45 सेंमीची टाकी सुरुवातीला बरी. हिशोबाने 182 लिटर, पण वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा जाता पाणी 150 लिटरच्या आसपास बसतं. सगळं मिळून वजन सहज सव्वादोनशे किलोवर जातं, म्हणून स्टँड पाणी भरायच्या आधी स्पिरिट लेव्हल लावून तपासा. भरल्यावर पाचर ठोकता येत नाही.

नळाचं पाणी सरळ वापरू नका. त्यातलं क्लोरीन माशांना मारक, फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळाला खुराक. आरओ-डीआयमधून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य हवा. 1-2 दिसू लागला की रेझिन, म्हणजे डीआयमधले उरलेले क्षार शोषणारे मणी, बदलायची वेळ झाली.

मीठ म्हणजे स्वयंपाकाचं नव्हे, मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ. ते कालवताना पिंपात आधी पाणी, मग मीठ. उलटं केलं, म्हणजे मिठावर थोडं थोडं पाणी ओतलं, तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो, पाणी दुधाळ होतं आणि ते मीठ फुकट जातं. लिटरला साधारण 36-38 ग्रॅम धरा, म्हणजे 150 लिटरला साडेपाच किलोच्या आसपास. पिंपात एक पंप आणि हीटर सोडून रात्रभर फिरू द्या, मगच मोजा. लक्ष्य 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार), म्हणजे 25 अंशांना विशिष्ट गुरुत्व 1.026.

खारटपणा मोजायला हलत्या काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर घेऊ नका. काट्याला बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो, खारटपणा जास्त दिसतो आणि माणूस गोडं पाणी ओतत बसतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं तरी 35 पाशी एक-दीड पीपीटीचा फरक राहू शकतो, कारण बरेच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात.

बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज दोन लिटर उडत असेल आणि आठवडाभर लक्ष दिलं नाही, तर 150 चे 136 लिटर होतात आणि 35 चे साडेअडतीस पीपीटी. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याचीच, खाऱ्या नव्हे. ऑटो टॉप-अप (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) लावला तर उत्तम, पण त्याचं भांडं लहान ठेवा. सेन्सर अडकला तर सगळं भांडं टाकीत रिकामं होणार, हे धरूनच माप ठरवा.

संप, म्हणजे टाकीखाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी, असेल तर वीज गेल्यावर काय होतं ते कागदावर मांडा. रिटर्न पाइपचं, म्हणजे संपातून पाणी वर आणणाऱ्या नळीचं, तोंड पाण्याखाली 10 सेंमी असेल, तर पंप थांबताच सायफन लागतो (त्याच नळीतून पाणी उलटं खाली ओढलं जातं) आणि 90 × 45 × 10, म्हणजे 40 लिटर पाणी खाली येऊ शकतं. संपात तेवढी जागा नसेल तर ते फरशीवर. उपाय सोपा: पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली रिटर्न पाइपला एक बारीक भोक पाडा, हवा शिरली की सायफन तुटतो. भोकात शेवाळ धरतं, महिन्यातून एकदा काडी घाला. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका, तोही किटून अडकतो. टाकी भरल्याच्या पहिल्याच दिवशी मुद्दाम प्लग काढून बघा.

हीटर 150 वॉटचा एक घेण्याऐवजी 75 वॉटचे दोन घ्या. थर्मोस्टॅट चालू अवस्थेत चिकटला तरी एकटा 75 वॉट टाकी उकळवू शकत नाही. बंद पडला तर दुसरा वेळ मारून नेतो. तापमान 25-26 अंश. पाणी बदलताना आधी हीटर बंद करा, उघडा पडलेला गरम हीटर पाण्याला लागताच तडकतो.

प्रवाहासाठी पॉवरहेड, म्हणजे टाकीत बुडवून ठेवायचा पाणी फिरवणारा पंप. ताशी टाकीच्या दसपट, म्हणजे दीड हजार लिटरच्या आसपास. दगडांमागे घाण साचत असेल तर पंप बदलण्याआधी तोंड फिरवून बघा.

स्किमर (हवेच्या बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) डब्यावरच्या आकड्यावर घेऊ नये, तो आकडा उदार असतो. 300 लिटरचा म्हणून विकला जाणारा 150 ला ठीक. नवा स्किमर काही दिवस एकतर फेस देत नाही नाहीतर उतू जातो; रोज स्क्रू पिळत बसू नका. संपातला असेल तर पाण्याची उंची एकसारखी लागते. पुढे कधी फेस अचानक बसला तर आधी हवेच्या नळीचं तोंड बघा, तिथे मिठाचा खडा जमतो. कोमट पाण्याने सुटतो.

खरा फिल्टर दगडच, कारण माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात वाढतात. लिटरला शंभरेक ग्रॅम सच्छिद्र रॉक घ्या आणि तळाशी दोन-तीन सेंमी अरॅगोनाइट (चुनखडीयुक्त) वाळू पसरा. हे जीवाणू वाढवायला, मासे न घालता, अमोनियम क्लोराइडने अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 2 भाग) न्या. टाकी तो डोस पचवून 24 तासांत अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर आणू लागली की ती तयार. चार ते सहा आठवडे जातात. त्यामुळे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवायची क्षमता) मोजायचे किट पहिल्या दिवसापासून हवेत.

विजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. खारं पाणी वीज फार चांगली वाहतं आणि मीठ प्लगपर्यंत सरपटत जातं. आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलातच ठिबकून जाईल.

शेवटी एक 40 लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर आणि हीटर क्वारंटाइनसाठी, म्हणजे नवे किंवा आजारी मासे वेगळे ठेवायला. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध इथेच द्यायचं, कारण तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मारतं. या टाकीतली जाळी आणि नळी मुख्य टाकीत बुडवायची नाही.