कागदावर उभं असलेलं फोर्ट

दक्षिण मुंबईतलं फोर्ट, म्हणजे ऑफिसांचा जुना भाग, ओस का पडलं यावर बोलणं निघालं की लोक बीकेसीचं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नव्या ऑफिसांचं, नाव घेतात, भाड्यांचं घेतात, पडायला आलेल्या इमारतींचं घेतात. कागदाचं नाव कुणी घेत नाही. मी १९८८पासून दलाल स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एका शेअर दलालाच्या ऑफिसात डिलिव्हरी सेक्शनला होते. माझ्या डोळ्यांदेखत आधी कागद गेला, मग माणसं गेली. इमारती बऱ्याचशा अजून तिथंच आहेत.

आज शेअर म्हणजे मोबाइलवरचा आकडा. तेव्हा तो छापील कागद होता, आणि बहुतेक कंपन्यांचा लॉट पन्नास किंवा शंभरचा असायचा. एखाद्या गिऱ्हाइकानं पाच हजार शेअर विकले की आमच्या टेबलावर पन्नास नाहीतर शंभर सर्टिफिकिटं यायची. प्रत्येकाला टाचलेला वेगळा ट्रान्स्फर फॉर्म, त्यावर विकणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही, दलालाचा शिक्का. प्रत्येक सर्टिफिकिटावरचे डिस्टिंक्टिव्ह नंबर, म्हणजे अमुकपासून तमुकपर्यंत, हातानं यादीत उतरवायचे आणि दुसरीनं ते मोठ्यानं वाचून ताडून बघायचे. एक आकडा चुकला तर सगळा गठ्ठा परत. मग शेअर ट्रान्स्फरचे स्टँप. ओला स्पंज समोर ठेवून स्टँप चिकटवत बसलं की संध्याकाळी बोटांची टोकं पांढरी पडलेली असायची. बुक क्लोजरची तारीख, म्हणजे कंपनी शेअर नावावर करणं काही दिवस थांबवते ती, जवळ आली की रात्रीचे आठ वाजले तरी आमच्या खोलीतले दिवे चालूच.

आणि एवढं करून कंपनीच्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे शेअर नव्या मालकाच्या नावावर करणाऱ्याकडून, ‘सही जुळत नाही’ म्हणून गठ्ठा परत यायचा तो यायचाच. त्याला बॅड डिलिव्हरी म्हणायचे. मग तो कागद ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं उलटा फिरायचा. खरेदीदाराच्या दलालाकडून आमच्याकडे, आमच्याकडून गिऱ्हाइकाकडे, पुन्हा सही, पुन्हा फेरी.

ही सगळी वर्दळ पायी होती, आणि फोर्टचं खरं मर्म मला तिथंच दिसतं. व्हीटीपासून (आताचं सीएसएमटी) रीगल सिनेमापर्यंत चालत गेलं तरी अर्धा तास लागत नाही. त्या पट्ट्यात शेअर बाजार, रिझर्व्ह बँक, हॉर्निमन सर्कलभोवतीच्या बँका, उच्च न्यायालय, मोठं पोस्ट, कंपन्यांची ऑफिसं, रजिस्ट्रारांची ऑफिसं. आमचा प्यून कापडी पिशवीत लाखांचे कागद घेऊन बोरा बाजारात जायचा आणि चहा व्हायच्या आत परत यायचा. फॉर्मवर काही टाइप करून हवं असेल तर कमानीखाली टायपिंगवाले काका बसलेले असत. नोटरी पलीकडच्या जिन्यावर, झेरॉक्स खालच्या मजल्यावर, रबरी शिक्का हवा तर मोदी स्ट्रीटच्या बाजूला सांगितला की दुपारपर्यंत तयार. कुठलंही काम अडलं तर ते सोडवणारा माणूस पाच मिनिटांच्या चालीवर असायचा. मोठ्या ऑफिसांच्या पोटी अशी शेकडो लहान दुकानं जगत होती. त्यातला कुणीही श्रीमंत नव्हता, पण सगळ्यांचं चालत होतं.

बाजार दुपारी दोनेक तासच भरायचा. रिंगमध्ये, म्हणजे सौदे व्हायचे त्या मोठ्या दालनात, बायका जवळपास नसायच्याच. मी वरच्या गॅलरीतून पाहिलं आहे, खाली नुसती हातांची गर्दी आणि एकच गलका. ज्याला बाहेरचे लोक गोंधळ म्हणत त्यातून सौदे व्हायचे, ते छोट्या वहीत पेन्सिलीनं लिहिले जायचे, आणि दोघांच्या वह्या जुळल्या नाहीत तर त्याला ‘वांधा’ म्हणत. वांधे मिटवायलाही माणसं समोरासमोर लागत. बाजार सुटला की तीच गर्दी रस्त्यावर उतरायची, मग भेळवाला, सँडविचवाला, उसाच्या रसवाला यांचा धंदा. कंपन्यांच्या नव्या शेअरविक्रीच्या, म्हणजे इश्यूंच्या, दिवसांत फुटपाथवर अर्जांचे गठ्ठे मांडलेले असत आणि लोक वाणसामान घ्यावं तसे ते उचलून नेत. १२ मार्च १९९३ला पहिला स्फोट झाला तो शेअर बाजाराच्या तळघरात. त्या दिवसाबद्दल मला इथं लिहायचं नाही. एवढंच सांगते की त्यानंतरही ती गर्दी परत आली. बॉम्बनं ती हटली नाही.

ती हटली ती संगणकाच्या पडद्यामुळे. नोव्हेंबर १९९४मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजनं शेअरचे व्यवहार संगणकावर सुरू केले. मार्च १९९५मध्ये बीएसईनं, म्हणजे आमच्या शेअर बाजारानं, आपली बोल्ट ही संगणकी यंत्रणा आणली आणि रिंग संपली. १९९६मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला, डिमॅट आलं, म्हणजे शेअर कागदाऐवजी खात्यात नोंदवले जाऊ लागले, पुढच्या चार-पाच वर्षांत सर्टिफिकिटंही गेली. २००१च्या जुलैत बदला, म्हणजे सौदा न मिटवता पुढं ढकलायचा जुना प्रकार, बंद झाला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं हे सगळं उत्तम झालं, यात मला शंका नाही. खोटी सर्टिफिकिटं, टपालात हरवलेली सर्टिफिकिटं, महिनोन् महिने अडकलेले पैसे मी पाहिलेले आहेत. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण दलालाला दलाल स्ट्रीटवर बसायचं कारणच उरलं नाही, हेही तितकंच खरं. केबल जिथं पोचते तिथं ऑफिस. आमच्या शेठनी उपनगरात मोठी जागा घेतली. “बेन, तिथं एसी आहे, लिफ्ट आहे,” असं ते मला समजावत होते. आमचा सेक्शन तोवर दोघींवर आला होता.

इथं आम्हा डोंबिवलीकरांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कुठल्या अहवालात येत नाही. मुंबईची रेल्वे फोर्टसाठी बांधल्यासारखी आहे. मध्य, हार्बर, पश्चिम, तिन्ही मार्ग दक्षिणेला येऊन थांबतात. डोंबिवलीहून, विरारहून, पनवेलहून निघालेला माणूस गाडी न बदलता फोर्टात पोचतो आणि उरलेलं चालत जातो. परत जाताना गाडी इथूनच सुटते, त्यामुळे दोन गाड्या सोडल्या तर बसायला जागा मिळते. दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बाईला ती खिडकीजवळची जागा काय वाटते हे तिलाच विचारावं. त्या प्रवासात आम्ही भाज्या निवडल्या, हळदीकुंकू केलं, मुलांच्या परीक्षांची काळजी वाटून घेतली. ऑफिस गोरेगावला गेलं आणि दादरला गाडी बदलणं आलं. सकाळी नऊ वाजता दादरचा पूल. मी तीन वर्षं काढली आणि राजीनामा दिला. माझ्यासारख्या बऱ्याच जणींनी दिला. बीकेसीला तर कुठलीच लोकल थेट जात नाही. वांद्र्याला नाहीतर कुर्ल्याला उतरा आणि मग रिक्षाच्या रांगेत उभे राहा. गाडीनं जाणाऱ्या साहेबाला बीकेसी सोयीचं झालं. लोकलनं येणाऱ्या कारकुनाला फोर्टच सोयीचं होतं. पण जागा कुठं असावी हे कारकुनाला विचारून ठरत नाही.

नरिमन पॉइंटचं मी फार लिहीत नाही, तो आमचा भाग नव्हता. समुद्रात भराव घालून उभा केलेला तो भाग एके काळी जगातल्या सगळ्यात महागड्या ऑफिसजागांत गणला जायचा. मग बँका गेल्या, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी गेली, एअर इंडियानं २०१३मध्ये मुख्यालय दिल्लीला नेलं आणि तिची इमारत शेवटी राज्य सरकारनं १६०१ कोटींना घेतली. ऑपेरा हाउसचे हिरेवालेही २०१०मध्ये बीकेसीत नवा डायमंड बोर्स, म्हणजे हिरेबाजार, झाल्यावर हळूहळू तिकडे गेले.

भाड्याचा मुद्दाही खरा आहे, फक्त तो दोन तोंडांचा आहे. फोर्टातल्या बऱ्याच जागा १९४७च्या भाडेकायद्याखाली, पागडीवर. भाडं इतकं कमी की मालक गिलावासुद्धा करत नसे. ३१ मार्च २०००पासून नवा कायदा लागू झाला, त्यात बँकांचं आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भागभांडवल असलेल्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं. भाडी एकदम वाढली. मोठ्यांनी हिशेब केला आणि ते निघाले. लहान भाडेकरू तसेच राहिले, मालक तसाच हात आखडून. म्हणजे ज्यांच्या जिवावर गल्ली चालायची ते गेले आणि ज्यांचं जगणं त्यांच्यावर होतं ते गळक्या छताखाली उरले. जुलै २०२०मध्ये मोठ्या पोस्टाजवळची भानुशाली इमारत भर पावसात कोसळली. त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलेली आहे. काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, जिथं १८९६मध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली होती, तीही २०१९मध्ये कोर्टाच्या हुकमानं रिकामी करावी लागली.

दुकानं एकेक करत गेली. फाउंटनच्या फुटपाथवरचे पुस्तकांचे बहुतेक स्टॉल २००५मध्ये महापालिकेनं उचलले. जहांगीर कलादालनातलं समोवार हे उपाहारगृह २०१५ला बंद झालं, ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान २०१६ला, स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ला. स्ट्रँडमध्ये पगाराच्या दिवशी मुलांसाठी पुस्तक घ्यायचं हा आमच्या घरचा नेम होता. तिथं विकत न घेता पुस्तक उघडून उभं राहिलेल्या माणसाला कुणी हटकत नसे.

मग फोर्ट मेलं का? नाही. दिसायला तर ते माझ्या नोकरीच्या काळापेक्षा कितीतरी देखणं झालं आहे. फ्लोरा फाउंटन २०१९मध्ये धुऊनपुसून पुन्हा वाहतं केलं. ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. रविवारी सकाळी मुलंमुली कॅमेरे घेऊन येतात, कुणीतरी त्यांना कमानींचे नक्षीकाम समजावून सांगत असतं. मला ते आवडतं. आम्ही त्याच कमानींखालून रोज पळत गेलो आणि मान वर करून कधी पाहिलं नाही. पण वारसा बघायला माणूस रविवारी येतो. टायपिंगवाल्या काकांना सोमवारी येणारा माणूस हवा असतो. काळा घोड्याला दोनशे-अडीचशे रुपयांची कॉफी मिळते, ती पिणाऱ्याला रबरी शिक्का नको असतो. रोजच्या कामाची माणसं नसतील तर डी. एन. रोडच्या कमानी कितीही उजळल्या तरी वरचे मजले बंदच राहणार. संध्याकाळी सातनंतर वर बघा, किती खिडक्यांत दिवा आहे ते दिसेल.

ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली. हुतात्मा चौकाला स्टेशन, चर्चगेटला स्टेशन. पश्चिम उपनगरातल्या माणसाला आता फोर्ट जवळ झालं. व्हीटीला उतरणाऱ्यालाही त्याच मेट्रोनं बीकेसी जवळ झालं, हेही आहेच. पंधरा वर्षांपूर्वी ही गाडी असती तर किती ऑफिसं थांबली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि आता हायकोर्ट. १८७९पासून ज्या इमारतीत ते भरतं तिच्याभोवती आज फोर्टातला कागदाचा शेवटचा मोठा धंदा उभा आहे. वकिलांची चेंबर्स, नोटरी, टायपिस्ट, झेरॉक्स, बाइंडिंग, कायद्याची पुस्तकं. नोव्हेंबर २०२५मध्ये वांद्रे पूर्वेला नव्या न्यायालय संकुलाची पायाभरणी झाली. न्यायमूर्तींना, पक्षकारांना जागा अपुरी पडते हे खोटं नाही. कोर्ट जाऊ नये असं म्हणण्याचा मला अधिकारही नाही. पण गेल्यानंतर त्या इमारतीत काय करणार हे आधी ठरवा, आणि कृपा करून तिथं संग्रहालय किंवा हॉटेल नको. शेजारी जुन्या सचिवालयात दिवाणी आणि सत्र न्यायालय भरतंच, त्याचंच काम वाढवा. शहरभर विखुरलेली न्यायाधिकरणं आणा. वरचे रिकामे मजले लहान ऑफिसांना परवडतील अशा भाड्यानं मिळतील आणि मालकाला दुरुस्तीपुरतं तरी सुटेल, असा काही मार्ग कायद्यात काढा.

परवा मी बोरा बाजारात एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात गेले होते. आमच्या ऑफिसचे लेजर, कार्बन, टाचण्या तिथूनच यायच्या. दुकानदारांनी ओळखलं, स्टूल पुढं केलं. कोर्टात लागणारा हिरवा लेजर पेपर एके काळी ते रिमांनी विकत, आता तोही कमी झाला. “हायकोर्ट आहे तोवर आम्ही आहोत, ताई,” म्हणाले. त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसला होता. तो बी.कॉम. झाला आहे, दुकान चालवायची त्याची तयारी आहे, नोकरी नको म्हणतो. वांद्र्याला गाळ्याचं भाडं काय आहे हे त्यानं चौकशी करून ठेवलं होतं. तो आकडा त्यांच्या महिन्याच्या विक्रीपेक्षा मोठा निघाला.