सावलीतले 34

संध्याकाळचे साडेपाच. लेक घसरगुंडीकडे सुसाट पळाला, मी सहज पत्र्यावर हात टेकवला आणि चटकन मागे घेतला. त्याला चड्डीवर तिथून घसरायचं होतं.

उचलून घेतल्यावर जो भोंगा सुरू झाला, त्यावर बाकावरच्या आजी म्हणाल्या, "अगं, एवढ्या उन्हानं काय होतंय? खेळू दे की." मोबाईलही त्यांच्याच बाजूचा. 34 अंश दाखवत होता.

त्याची समजूत काढायला खाली उकिडवी बसले, तर फरशीची धग थेट तोंडावर आली. उभी असताना जाणवलीच नव्हती! हवामानवाले तापमान मोजतात ते सावलीत, साधारण मोठ्या माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीला. हा जेमतेम माझ्या मांडीएवढा. त्यात या वयात घाम कमी येतो, अंग लवकर तापतं, आणि तहान लागली हे खेळाच्या नादात सांगणार कोण? हवा दमट असली तर आलेला घामही वाळत नाही.

शेवटी झाडाखाली अर्धा तास माती उकरली. मध्ये दोनदा पाणी पाजलं, गाल फार लाल होताहेत का ते बघत राहिले. सोबत रडारड होतीच.

आजी चुकीच्या होत्या असं नाही. रोज घरात कोंडून तरी किती ठेवणार? पण आकडा बघून ठरवणं मी आजपासून सोडलं. आधी घसरगुंडीला हात, मग खाली बसून बघायचं.

तुम्ही कशावरून ठरवता?