विजया तेल, चार गोळ्या आणि संध्याकाळची कळ

गर्द सोडून ब्यूप्रेनॉर्फिनवर (अफूवर्गीय व्यसनाच्या उपचारातलं, वेदनाही कमी करणारं औषध) स्थिरावलेला एक ट्रकचालक फेरतपासणीला आला आणि त्याने टेबलावर विजया तेलाची, म्हणजे गांजाच्या झाडापासून काढलेल्या तेलाची, बाटली ठेवली. "रात्री दहा थेंब घेतो, डॉक्टर. कंबर जरा मोकळी होते. पण सकाळी गाडीवर डोळे मिटतात."

बाटली 30 मिलिलिटरची, लेबलवर 1000 मिलिग्रॅम सीबीडी, म्हणजे गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक. म्हणजे दहा थेंबांत, साधारण अर्ध्या मिलिलिटरमध्ये, जेमतेम 17 मिलिग्रॅम. न्यूयॉर्कमध्ये हेरॉइन सोडलेल्या 42 जणांवर झालेल्या, 2019 साली छापून आलेल्या चाचणीत सीबीडीचा रोजचा डोस 400 किंवा 800 मिलिग्रॅम होता. तिथे कमी झाली ती तलफ आणि बेचैनी. त्या आधारावर कंबरदुखीसाठी तेल देता येत नाही.

लघवीच्या पट्टीवर गांजा पॉझिटिव्ह आला. शुद्ध सीबीडीने तो सहसा येत नाही, आणि गांजा ओढत नाही असं तो ठामपणे सांगत होता. मला तेलातल्या टीएचसीचाच, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचाच, संशय आला. त्यात भर म्हणजे बाहेरून दिलेलं प्रेगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध, 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ब्यूप्रेनॉर्फिनसोबत हे घेतलं की गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो. सीबीडीचा डोस शेकड्यांत गेला तर औषधं मोडणारं यकृतातलं सीवायपी3ए4 एन्झाइम दबून ब्यूप्रेनॉर्फिनची पातळीही चढू शकते; यकृतालाही त्रास होऊ शकतो, म्हणून तेव्हा एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणी करावी लागते.

पाय सरळ उचलल्यावर कळ पोटरीपर्यंत जात होती, पण पंजात ताकद होती, लघवीवर ताबा होता. मग मी फक्त वेळ विचारली. कळ रोज दुपारी तीननंतर चढायची. सकाळी सातला ब्यूप्रेनॉर्फिनच्या 2 मिलिग्रॅमच्या चारही गोळ्या तो एकदम जिभेखाली ठेवायचा. ब्यूप्रेनॉर्फिन टर्की (नशा सुटल्यावर होणारा त्रास) दिवसभर रोखतं, वेदना मात्र सहा ते आठ तासच. हे फार वेळा नजरेतून सुटतं आणि पेशंटवर "नशा मागतोय" असा शिक्का बसतो.

ब्यूप्रेनॉर्फिनचा डोस वाढवला नाही, वाटून दिला: सकाळी एक, दुपारी एक, रात्री दोन. गोळी पूर्ण विरघळेपर्यंत चहा-पाणी नाही. गिळली तर बरीचशी वाया जाते. प्रेगाबालिन एकदम न तोडता आठवडाभर फक्त रात्री, मग बंद. तेल त्याच दिवशी थांबवलं आणि गुंगी जाईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही, हे त्याच्या बायकोसमोर सांगितलं.

पुढच्या भेटीत संध्याकाळची कळ दहापैकी आठवरून पाचवर आली होती. उरलेल्या पाचासाठी त्याला फिजिओथेरपीला पाठवलं.