रुखवत करा, पण खाता येईल असं

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कोल्हापुरात कार्यालयं फुल्ल होतात हे दरवर्षीचंच, पण यंदा त्यात आमच्या घरचा पण नंबर लागलाय, पुतणीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि त्यामुळं सध्या घरात जेवताना, चहाला, टीव्ही बघताना एकच विषय, रुखवत. जाऊबाईंचं म्हणणं भाड्यानं आणू, तीन-चार तासांचा तर प्रश्न आहे, लोक फोटो काढतात आणि जेवायला पळतात. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या नातीचं रुखवत भाड्यानं आणायचं? मग नवरापण भाड्यानंच बघा की." आता ह्यावर कोण काय बोलणार.

भाड्याची रुखवतं मी बघितलीत, वाईट नसतात, दिसायला तर एकदम भारी. पण मध्ये एका लग्नात टेबलावर थर्माकोलचा वाडा, थर्माकोलची विहीर, प्लॅस्टिकची बैलगाडी आणि पुढं चक्क पाटी, 'कृपया हात लावू नये'. अहो रुखवत आहे का म्युझियम? मुळात रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी नवऱ्या मुलाला जानवशावर, म्हणजे वऱ्हाड उतरतं तिथं, पाठवायचा फराळ. खायची वस्तू. त्याच्याभोवती मग बायकांची हौस, कलाकुसर, उखाणे असं सगळं जमत गेलं आणि आता हौस तेवढी राहिली आणि फराळ गायब. शिवाय थर्माकोलच्या सजावटीवर आपल्याकडं 2018 पासून बंदी आहे, ते कुणाच्या लक्षातपण नसतं.

म्हणून मी घरात एकच नियम मांडला, टेबलावर जे मांडायचं ते लग्नानंतर एकतर खाता आलं पाहिजे नाहीतर वापरता आलं पाहिजे. बाकी सगळं कॅन्सल. सासूबाईंना पटलं, जाऊबाईंना अर्धं पटलं, आणि जिचं लग्न आहे ती म्हणाली फक्त फोटोत चांगलं दिसू दे.

आता खरी अडचण सांगते. हिवाळ्यातल्या लग्नाचं निम्मं रुखवत उन्हाळ्यातच व्हायला लागतं. कुरडया, सांडगे, पापड, शेवया ह्यांना चैत्र-वैशाखाचं ऊन पाहिजे. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, चीक खाली बसू द्यायचा, वरची निवळ ओतायची, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातनं पाडायच्या, एवढं करून डिसेंबरात ढगाळ हवा आली की संपलं, वास मारतो. नशीब, सासूबाई लग्न ठरायच्या आधीच दरवर्षीप्रमाणं डबे भरून बसल्या होत्या, खपली गव्हाच्या शेवयापण आहेत. त्यामुळं ते टेन्शन नाही. ज्यांच्याकडं असं उन्हाळी काम होत नाही त्यांनी बचत गटाच्या बायकांकडनं सरळ विकत घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही, त्यांचा हात आपल्यापेक्षा चांगला असतो.

गव्हले मात्र घरीच. घाणा भरायच्या दिवशी बायका जमतातच, जात्याची पूजा झाली की त्याच बैठकीत गव्हल्यांना बसायचं. बारीक रवा, दूध, चिमूटभर मीठ, घट्ट मळून दोन-तीन तास झाकून ठेवायचं आणि मग चांगलं कुटून घ्यायचं, न कुटता बसलात तर पिठाला तार येत नाही आणि गव्हला मध्येच तुटतो. सुपारीएवढा गोळा डाव्या हातात धरायचा, त्याचं टोक उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं जरासं ओढून वळायचं आणि चिमटीनं तोडून ताटात टाकायचं, तांदळाच्या दाण्याएवढा, दोन्ही टोकं निमुळती. पीठ तेच ठेवून नखानं दाबलं की नखुली, पीळ दिला की मालती, बोटावर वळलं की बोटवं. चार वाट्यांत चार प्रकारच्या खिरींचं सामान मांडलं की रुखवताचा तो कोपरा काही न सजवता भरल्यासारखा दिसतो. आणि ह्याला स्किल लागत नाही, चिकाटी लागते. आमच्या आत्याबाईंना आता डोळ्यांनी कमी दिसतं तरी त्यांचे गव्हले सगळ्यात एकसारखे पडतात, बोलत असतात आमच्याशी आणि हात आपला चालूच. तरण्या पोरी दहा मिनिटांत मोबाईल काढतात. (काढू देत, रील होतं, तेवढीच जाहिरात.)

अनारसे. ह्याच्यावर जरा सविस्तर लिहिते कारण सगळे जण ह्यालाच घाबरतात. तांदूळ जुना घ्या, नवा चिकट होतो. तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून सुती कापडावर सावलीत पसरायचा, उन्हात अजिबात नाही. हाताला ओलसर लागतो पण चिकटत नाही अशा बेताला आला की लगेच दळायचा, एकदम कोरडा झाला तर पीठ गुळात मुरत नाही. मैद्याच्या चाळणीनं चाळायचं. पिठीसाखर असेल तर वाटीला वाटी, गूळ असेल तर वाटीला पाऊण वाटी, वर चमचाभर तूप, आणि गोळे करून डब्यात चार-पाच दिवस विसरून जायचं. गूळ आपल्या कोल्हापुरात मिळतो तसा कुठं मिळतो, 2014 ला त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनपण मिळालंय आणि दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात म्हणजे मार्गशीर्षातल्या लग्नाला ताजा गूळ हातात. फक्त दुकानात चिक्कीचा गूळ देतील तर घेऊ नका, त्यानं अनारसा दगडासारखा होतो, साधा मऊ गूळ मागा.

तळताना खसखशीची बाजू वर, तूप मध्यम तापलेलं, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरनं तूप उडवत राहायचं. तुपात पडल्या पडल्या पसरून त्याच्या चिंध्या झाल्या तर समजायचं अनारसा हसला. म्हणजे गूळ जास्त झाला. अशा वेळी घाबरायचं नाही, त्याच जातीचं थोडं पीठ राखून ठेवलेलं असतं ते मिसळायचं, परत रात्रभर मुरवायचं. म्हणूनच दळलेल्या पिठातलं मूठभर पीठ आधी बाजूला काढायचं असतं, पुस्तकात हे लिहीत नाहीत. चांगला झाला तर अनारसा पंधरा दिवस सहज टिकतो, रुखवतासाठी ह्याच्याएवढा विश्वासू पदार्थ नाही. आणि ही विद्या एका लग्नापुरती नाहीये, पुढं अधिक महिना आला की जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे असतात, 2023 ला अधिक श्रावण झाला, 2026 ला अधिक ज्येष्ठ. जाळी पडलेला पदार्थच द्यायचा, म्हणून अनारसा नाहीतर बत्तासे. जावई नवा असेल तर बत्तासे देऊन कसं चालेल.

बाकी पदार्थांत एकच डोकं लावायचं, कार्यालयात लाइटच्या उजेडात पाच-सहा तास उघडं राहिलं तर काय होईल. ओल्या नारळाची करंजी संध्याकाळपर्यंत गेली, सुक्या खोबऱ्याची, खसखस-रव्याची करा. मावा तर नकोच. चकली मऊ पडते, ती शेवटी मांडा आणि वर पारदर्शक कागद लावा. चिरोटे दिसतात सुंदर पण ने-आण करताना निम्मे पापुद्रे डब्यात राहतात, मी ह्या वेळी बाद केलेत, ज्यांना हौस आहे त्यांनी करा.

वापरायच्या वस्तूंत आमच्याकडं दोनच गोष्टी चालल्यात. एक अंतरपाट, पांढऱ्या मांजरपाटावर लाल दोऱ्यानं स्वस्तिक आणि कडेनं बारीक वेल, साखळी टाक्याचा. ह्यावर दोघांची नावं घालायचा आग्रह होता, मी म्हटलं नको, नावं घातली की तो कपाटात जातो, बिननावाचा घरातल्या पुढच्या पोरांच्या लग्नातपण धरता येतो. दुसऱ्या मुंडावळ्या. महाद्वार रोडला तयार शंभर प्रकारच्या मिळतात पण घरी ओवल्या तर कपाळाचं माप बरोबर बसतं, तयार मुंडावळी नवऱ्या मुलाच्या डोक्यावर कायम सैल आणि मग तो अख्खा विधी एका हातानं ती सावरत बसतो, बघितलं असेल तुम्ही. मोती ओवायला नायलॉनची तंगूस वापरू नका, ती ताठ राहते आणि लडी अंगाला न बसता बाहेर उडतात, दुहेरी दोरा घ्या, मेण लावून. सुपारीचे भटजी आणि रंगवलेले नारळ मात्र माझ्या नियमात बसत नाहीत, तरी सासूबाईंनी एक भटजी-भटजीण करून ठेवलीच, पांढरी मिशीसुद्धा लावलीय कापसाची. म्हणाल्या सुपारी पूजेला वापरता येते की. नियम माझ्यावरच उलटला.

लग्न मार्गशीर्षात म्हणजे लगेच पुढच्या महिन्यात पहिली संक्रांत, काळी साडी आणि हलव्याचे दागिने आलेच. दागिने विकतच्या हलव्याचे करणार आहोत हे आधीच सांगते. घरी हलवा करायचा म्हणजे मंद आचेवर परात, त्यात तीळ किंवा खसखस, वरनं एकतारी पाकाचे थेंब आणि बोटांनी हलवत राहायचं, पाक सुकला की पुढचा थेंब. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो, काटा फुटायला दुसरा-तिसरा दिवस उजाडतो आणि तोही हवा गार असेल तरच, म्हणून बायका पहाटे बसायच्या. आच वाढली की पाकाची पिठी होते आणि केलेलं वाया. एवढा वेळ आता कुणाकडं आहे. पण गुंफायचं काम घरी होतं, एकेका दाण्याला पांढऱ्या दोऱ्याचा वेढा, दोरा काट्यात अडकतो त्यामुळं गाठ सरकत नाही, काटा नसलेला गुळगुळीत हलवा घेतला तर सगळं ओघळतं. घेतानाच चिमटीत धरून बघा. मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, बिंदी आणि जावयाला हार आणि नारळ, एवढं पुरे. हलव्याचं घड्याळ आणि हलव्याचा मोबाईल बघितला एकीकडं, नाद खुळा, पण आम्ही नाही करणार.

तर शेवटी तह असा झालाय, टेबलं, कापड आणि लाइटिंग भाड्यानं, म्हणजे जाऊबाई खूश, वरचं सगळं घरचं. बुरूड गल्लीतनं बुट्ट्या आणि सुपं आणलीत, फराळ त्यातच मांडायचा, ताटांपेक्षा खूप छान दिसतं आणि पाठवणीला त्याच बुट्ट्या शिदोरी म्हणून गाडीत. उखाण्यांचं डिपार्टमेंट आत्याबाईंकडं, त्यांनी एक आत्तापासूनच तयार ठेवलाय, "रुखवतात करंज्या मांडल्या चाळीस, मोजायला विहीणबाईंनी लावली चाळिशी". पलीकडच्या विहीणबाई पण शिवाजी पेठेतल्या आहेत, गप्प बसणाऱ्या नाहीत, त्यामुळं आमच्याकडनं अजून चार-पाच तरी पाठ करून न्यायला लागणार.

करंज्या लग्नाच्या दोन दिवस आधी तळा, त्याच्या आधी नको. आणि एक डबा कार्यालयात नेऊच नका, घरी परत आल्यावर उरलेल्या माणसांना रात्री चहाबरोबर काहीतरी लागतंच.